चित्र गेले, नियम उरले

खेळाचा प्राण नियमांत असतो आणि चित्रे ही वरची सजावट, असे सर्रास मानले जाते. हे मत तपासून पाहण्याची संधी 'ड्यून' ह्या पटावरच्या खेळाने दिली आहे.

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या कादंबरीवरून बिल एबर्ली, जॅक किट्रेज आणि पीटर ओलोत्का यांनी हा खेळ रचला आणि अमेरिकेतील ॲव्हलॉन हिल ह्या संस्थेने तो १९७९ साली काढला. वाळवंटी ग्रहाचा नकाशा, त्यावर झुंजणारे सहा पक्ष आणि नकाशाभोवती फिरणारे वादळ अशी त्याची मांडणी. वादळ ज्या उघड्या वाळूवरून जाईल तेथील सैन्य नष्ट होते. वाळवंटातच वाढलेल्या फ्रेमेनांचे मात्र अर्धेच मरते. हा नियम पाठ करावा लागत नाही. नकाशाकडे पाहिले की तो पटतो.

पुढे खेळ बाजारातून नाहीसा झाला आणि भक्त मंडळी हाताने पट व पत्ते तयार करून खेळू लागली. फँटसी फ्लाइट गेम्सला तो पुन्हा काढायचा होता, परंतु हर्बर्टच्या सृष्टीचा परवाना तिच्यापाशी नव्हता. अमेरिकेच्या कायद्यात खेळण्याच्या पद्धतीवर लेखनाधिकार चालत नाही. कथेतील पात्रांवर आणि चित्रांवर तो चालतो. म्हणून २०१२ साली तोच सांगाडा 'रेक्स' ह्या नावाने, त्या संस्थेच्या स्वतःच्या अंतराळविश्वात उभा राहिला. वाळवंटाच्या जागी राजधानीचे शहर आले, वादळाच्या जागी त्या शहरावर अग्निवर्षाव करणारे आरमार.

'रेक्स' हा वाईट खेळ नव्हे. बदल विचारपूर्वक केलेले आहेत. तथापि वादळ आणि आरमार ह्यांत एक मूलभूत भेद आहे. वादळाला वैरी नसतो. त्यात सैन्य गमावणारा खेळाडू स्वतःच्या उतावळेपणाला दोष देतो. आरमारामागे कोणाची तरी इच्छा असते, त्यामुळे तेथे हानी सोसणाऱ्याच्या मनात सूड जागा होतो. नियमाचे कार्य जवळजवळ तेच राहिले. त्याचा अर्थ पालटला. कायद्याला जे सहज वेगळे करता आले, ते रसिकाच्या अनुभवात वेगळे होत नाही.

२०१९ साली गेल फोर्स नाइनने परवान्यासह 'ड्यून' परत आणला. चित्रे नवी होती, १९७९ची नव्हती. तरीही खेळ परत आल्यासारखा वाटला, कारण वादळाला त्याचे वाळवंट पुन्हा मिळाले होते. अमुक एका कुंचल्याचे चित्र अपरिहार्य नसते. नियमाला कारण पुरवणारे चित्र मात्र अपरिहार्य असते.

म्हणूनच त्याच संस्थेच्या २०२१ सालच्या, चित्रपटावर आधारलेल्या आटोपशीर आवृत्तीविषयी मी साशंक आहे. तेथे वाळवंट आहे, नावेही आहेत. परंतु पात्रांना नटांचे चेहरे मिळाले आहेत. हा चेहरा कोणाचा, हे आधीच ठरले की खेळाडूने मनाशी रंगवायचे फारसे उरत नाही. हाताने पत्ते काढणाऱ्या त्या भक्तांना चित्राचा परवाना नव्हता. चित्राचे काम काय, हे मात्र त्यांना पुरते ठाऊक होते.