अर्धा ओलावा

जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, तव्यावर टाकला की पहिला जो वास येतो तो फसवा असतो. डब्यात दिवस काढलेला, खारट, जरा उग्र. नवखा माणूस इथेच घाबरतो, आच वाढवतो आणि जेवण बिघडवून ठेवतो. मंद आचेवर उलथनं फिरतं ठेवलं तर थोड्याच वेळात वास पालटतो. उग्रपणा मागे सरतो, खमंगपणा वर येतो. पेण-रोह्याकडच्या जाणत्या बायका तवा उतरवतात तो नेमक्या या वळणावर, नाकाच्या भरवशावर. रंगावर विसंबून चालत नाही. जवळ्याचा जीव तो केवढा, दोन-तीन सेंटीमीटरचा! डोळ्यांना तो लालसर तपकिरी दिसेपर्यंत थांबलं, तर आत कडवटपणा शिरलेला असतो. उतरवलेला जवळा चिमटीत दाबला तर मोडावा, पण त्याची पूड होऊ नये. ही एक खूण ज्या हाताला कळली, त्या हाताच्या पुढच्या स्वयंपाकाची मला चिंता वाटत नाही.

मे महिन्यात आगोटीची खरेदी सुरू झाली की तांदूळ, तिखट-मसाला, पापड यांच्या जोडीला सुकी मासळी घरात येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खारेपाटात पहिल्या पावसात शेतात चढणारी चिवणी हाती लागली, किंवा गावच्या तळ्यातला जिताडा कुणी धरला, तर त्या दिवशी घरात सण. एरवी दोन महिने डब्याचाच आधार. म्हणून खरेदीतही रसिकता लागते. सोडे, म्हणजे सोललेली आणि उन्हात वाळवलेली कोळंबी, किलोला हजार रुपयांच्या पुढेच असतात, तेव्हा कोळणीच्या टोपलीपुढे बसून एकेक सोडा निरखणाऱ्या बाईला कंजूष म्हणू नये. ती बघते ते असं: रंग फिकट केशरी-गुलाबी आहे ना? फार लालभडक असला तर त्यावर रंगाचा हात फिरलेला असण्याची शंका. सोडा वाकवल्यावर लवतो की तुटतो? लवला तर ऊन कमी पडलं, घरी नेऊन पुन्हा वाळवावा लागेल. शेवटी ती एक सोडा दातांखाली धरते. त्यात समुद्राचं मीठ असावं, पण मागून गोडी यावी. ती गोडी आली की भाव करायला सुरुवात.

आता पुन्हा तव्याकडे. भाजलेला जवळा सुपात घेऊन पाखडायचा. त्यातली वाळू, काडी-कचरा, एखादं चुकार खेकड्याचं पिल्लू बाजूला काढायचं. मग पाण्यातून झटकन काढून लगेच पिळायचा. ‘झटकन’ला इथे फार महत्त्व आहे. जवळा पाण्यात बसू दिला तर तव्यावर कमावलेलं सगळं पाण्यात उतरतं आणि हाती येतो तो मऊ, बेचव गाळ. आधी भाजून मग धुण्याचा हा क्रम मला मोठा शहाणपणाचा वाटतो. भाजल्यामुळे अंग आकसलेलं असतं, त्यामुळे पाणी चटकन आत शिरत नाही. आणि चिकटलेली वाळू मोकळी झाल्याने एका पाण्यात निघून जाते. काही घरांत उलटं करतात, धुऊन मग भाजतात. मी ते खाल्लं आहे, वाईट नसतं. पण त्यात तो कोरडा खमंगपणा नसतो.

आणि मग कांदा. जवळ्याच्या दुप्पट तरी हवा, काटकसर चालायची नाही. पेण-अलिबागकडे त्यासाठी पांढऱ्या कांद्याच्या वेण्या उन्हाळ्यातच माळ्यावर टांगलेल्या असतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा तिखटाला कमी आणि गोडीला जास्त. खारट जवळ्याला त्याच्याइतका समजूतदार जोडीदार दुसरा नाही. तेलात ठेचलेला लसूण, त्यावर कांदा, हळद, घरचा मसाला. कांदा पारदर्शक झाला की जवळा आणि दोन आमसुलं आत जातात. पाणी घालायचं नाही. झाकणावर मात्र ओतायचं. झाकणावरच्या पाण्याने आतली वाफ थंड होऊन थेंब थेंब खाली पडते, कांदा आपलं पाणी सोडतो, आणि जवळ्याला मिळतो तो एवढाच ओलावा. तो धड कोरडा राहत नाही, धड शिजून लुसलुशीतही होत नाही. मीठ अगदी शेवटी, चव बघून. पुष्कळदा लागतच नाही. तांदळाच्या गरम भाकरीच्या पापुद्र्यात हे सुकं धरून घास घेतला की आधी कांद्याची गोडी येते, मागून आमसुलाचा आंबटपणा, आणि चावता चावता, सगळ्यात शेवटी, तो भाजका समुद्र. चवींचा हा क्रम झाकणावरच्या पाण्याने लावलेला असतो.

सुक्या मासळीच्या स्वयंपाकाचं मर्म या अर्ध्या ओलाव्यात आहे. सामान्य हात तिला भिजवून भिजवून पुन्हा ताजी करायला बघतो. ती ताजी होत नाही, नुसती चिवट होते. ओल्या बोंबलाचंच पाहा: त्याच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणी. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून तो टांगतात, आणि आठवडाभराच्या आत तो कडक काडी होऊन खाली उतरतो. गेलेलं पाणी परत भरलं म्हणजे ओला बोंबील परत येईल हा भाबडेपणा. सुका बोंबील निखाऱ्यावर भाजून, ठेचून, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटला तर त्याची चटणी ओल्या बोंबलाच्या सात पिढ्यांना जमणार नाही अशी होते.

हीच दृष्टी उलट्या बाजूने लावली की परदेशातल्या मराठी घरांचा डबाबंद ट्यूना कळतो. तो आपल्या बाजारातला कुपा, गेदर. वरच्या पंक्तीत न बसणारा मासा. कॅलिफोर्नियात १९०३ साली सार्डिनचा हंगाम हुकला, तेव्हा रिकाम्या डब्यांत तो भरला गेला आणि जगभर पोचला. आपल्याकडे लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर १९६९ पासून तो डबाबंद करण्याचा कारखाना आहे. त्याआधीपासून तिथले लोक ट्यूना उकडून, धुरावून, वाळवून मासमीन करतात, ती तर आपल्या सोड्यांचीच थोरली बहीण. डब्यातला मासा आधी वाफवलेला असतो आणि डबा बंद झाल्यावर पुन्हा तापवलेला. म्हणजे दोनदा शिजलेला, ओलाचिंब, मऊ. जवळ्याला ओलावा द्यायचा, तर याचा काढायचा. न्यू जर्सीत किंवा दुबईत पावसाळी संध्याकाळी घरची आठवण आलेला एखादा रोहेकर डबा उघडून मासा थेट फोडणीत ओततो आणि मग भुर्जीचा लगदा झाला म्हणून हळहळतो. जाणता हात आधी मासा चाळणीत निथळतो, तळव्यात पिळतो, कांदा चांगला तांबूस करून घेतो आणि मासा शेवटी कढईत पसरून दोन मिनिटं त्याला अजिबात हलवत नाही. ही दोन मिनिटं फार मोलाची. खालची बाजू तांबूस, कुरकुरीत होते, वरची मऊ राहते. मग एकदाच उलटायचं. आमसूल नसेल तर लिंबू चालतं, पण आंबट हवंच. त्याच्याविना ट्यूना सपक लागतो. असं सुकं परक्या मुलखातल्या पोळीबरोबर खाताना सुक्या जवळ्याची आठवण येते ती त्या तांबूस कडांमुळे.

सोड्यांचा तोरा वेगळा. वांग्यात, शेवग्याच्या शेंगांत, कैरीच्या फोडींबरोबर ते जातात आणि जिथे जातात तिथे मालक होतात. पेणचे पोहे प्रसिद्ध, तेव्हा सोडे-पोहे या भागात फक्कड होणारच. त्यात एकच गोष्ट न्याहाळावी, की सोडे कांद्याच्या आधी तेलात पडले आहेत का. पडले असतील तर ते तेल आधीच सोड्यांचं झालेलं असतं आणि पोह्याच्या प्रत्येक दाण्याला ते लागतं. कांद्यानंतर टाकले तर सोडे वेगळे, पोहे वेगळे.

पण सोड्यांची परीक्षा खिचडीत. रोहा हे चिंतामणराव देशमुखांच्या घराण्याचं गाव, इथल्या सीकेपी घरांत ती पाहुण्याचा मान राखण्यासाठी होते. खिचडी म्हटलं तरी हिच्यात डाळ नाही आणि आसटपणाही नाही; दाणा मोकळा हवा. सोडे कोमट पाण्यात घालतात ते बोटाने वाकतील इतपतच. फुगले की वेळ टळली. पाठीवरचा काळा धागा काढायचा, मोठ्या सोड्याचे दोन तुकडे करायचे. सोडे भिजवल्याचं पाणी फेकणारी व्यक्ती या घरांत स्वयंपाकाला पुन्हा उभी राहत नाही. ते भांडं तसंच ठेवतात, वाळू तळाशी बसते, वरची निवळ अलगद काढून आधणात मिसळतात. त्यामुळे चव सोड्याच्या तुकड्यांत अडकून न राहता भाताच्या शितात उतरते. आलं-लसूण, हळद, तिखट चोळलेले सोडे तेलात पडले की कडा वळतात आणि केशरी रंग गडद होतो. मग धुऊन निथळलेला तांदूळ त्याच तेलात परतायचा, दाणे कढईवर खणखणेपर्यंत. आधण उकळतं हवं. पाणी आटत आलं की नारळाचं दूध, आणि खाली तवा सरकवून मंद दम. नारळाचं दूध आधी घातलं तर फुटतं, उशिरा घातलं तर भातावर तरंगत राहतं. त्याची वेळ म्हणजे भातावर बारीक छिद्रं दिसू लागतात तो क्षण.

बटाटा घालावा की नाही यावर घराघरांत तंटे आहेत. मी घालणाऱ्यांच्या बाजूचा, मात्र फोडी मोठ्या हव्यात. बारीक फोड भातात विरघळते. मोठी फोड सगळा रस पिऊन बसते आणि पानात ती आली की तीत सोडे नसूनही सोडेच लागतात. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, चमचाभर साजूक तूप.

सोबत काय, हा दुसरा तंटा. बरेच जण सोलकढी मागतात. सोलकढी मला प्रिय आहे, पण नारळाचं दूध खिचडीत असताना तेच पुन्हा वाटीत कशाला? त्यापेक्षा पेणचा पापड भाजून घ्यावा, तळून नव्हे, आणि कच्चा पांढरा कांदा हाताने फोडून ताटात ठेवावा. खिचडीत कुरकुरीत असं काहीच नसतं. ती उणीव पापड भरून काढतो. आणि दुसऱ्या दिवशी उरलीच, तर तिला फोडणी देऊ नये. झाकण ठेवून मंद आचेवर गरम करावी आणि तळाची खरवड ज्याने आदल्या दिवशी भांडी घासली त्याला द्यावी.