‘तुम्ही’, ‘ते’ आणि ‘आम्ही’ : देवाकडे पाठ फिरवण्याचे व्याकरण

बायबलच्या जुन्या करारातल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक बाई भर रस्त्यात ओरडते आहे. चौकात, गर्दीच्या नाक्यावर, नगराच्या वेशीपाशी उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्यांना हाका मारते. ही बाई म्हणजे मूर्तिमंत शहाणपण. हिब्रूत ‘होखमा’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत त्यासाठी ‘ज्ञान’ हा शब्द घेतला की तो नपुंसकलिंगी होतो आणि रस्त्यातली बाई दिसेनाशी होते. म्हणून या लेखापुरते तिला ‘प्रज्ञा’ म्हणू.

प्रज्ञेचे हे भाषण जेमतेम चौदा वचनांचे आहे (१:२०-३३). देवाकडे पाठ फिरवणाऱ्याचे काय होते, याविषयी बायबलमध्ये ठिकठिकाणी जे येते, त्याचा जवळजवळ सगळा ऐवज या चौदा वचनांत आहे आणि त्या विचारातला धोकाही तिथेच आहे. हा उतारा प्रवचनांतून फार वापरला जातो. बहुतेकदा त्याचा सारांश एका वाक्यात उरकला जातो : देवाचे ऐकले नाही तर संकट येते. सारांश चूक नाही. पण हे वाक्य कोण कोणाला म्हणते, यावर त्याचा खरेखोटेपणा ठरतो, आणि सारांशात नेमके तेच गळून पडते.

आरसा

भाषणाची रचना आरशासारखी आहे. मी बोलावले तेव्हा तुम्ही आला नाहीत, मी हात पुढे केला तेव्हा कोणी पाहिले नाही, असे प्रज्ञा आधी सांगते. मग तीच वाक्ये उलटी होतात. आता बोलावणारे ते असतील आणि उत्तर न देणारी ती. शोधणारे ते असतील आणि न सापडणारी ती. श्रोत्यांमध्ये भोळे, निंदक आणि मूर्ख असे तीन गट आहेत. त्यांतल्या निंदकांना थट्टेची हौस आहे, आणि संकट आले की प्रज्ञाच हसणार आहे, थट्टा करणार आहे.

हे हसणे वाचकाला खुपते, आणि ते खुपायलाच हवे. भाविक भाष्यकार ते गुळगुळीत करू पाहतात, टीकाकार त्यात क्रौर्य पाहतात. आरशाची रचना ध्यानात घेतली तर त्याचा एक अर्थ लागतो. ते हसू म्हणजे निंदकांच्याच हसण्याचा उशिरा आलेला प्रतिध्वनी आहे. या भाषणात देव स्वतः येऊन कोणाला मारत नाही. वादळासारखे संकट ‘येते’. ते कोण पाठवतो, हे सांगितलेले नाही. पुढे तर स्पष्टच म्हटले आहे की हे लोक आपल्या वाटेचे फळ खातील. वाट त्यांचीच, फळ त्या वाटेचे. न्यायाधीश, दंड, तुरुंग अशी कचेरीची भाषा टाळून इथे परिणामासाठी झाडाची भाषा वापरली आहे.

हेच रूपक यिर्मया संदेष्टा आणखी नेमके करतो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात लोकांनी वाहत्या पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी टाकी खोदली, तीही फुटकी, पाणी न धरणारी. इथे शिक्षेचा वेगळा परिच्छेद लागतच नाही. झरा सोडला यातच तहान आली. डोंगरात कोरलेल्या टाक्यांवर उन्हाळा काढणाऱ्या प्रदेशात हे रूपक समजावून सांगावे लागले नसेल. दुराव्याचा परिणाम दुराव्याच्या आतच असतो, हा या साहित्याचा सर्वांत खोल विचार आहे असे मला वाटते.

फिरणे

प्रज्ञेच्या भाषणात एक शब्दाचा खेळ आहे, जो अनुवादात सहसा हरवतो. सुरुवातीला ती म्हणते, माझ्या बोलण्याकडे वळा. तिथले क्रियापद ‘शूव’ या धातूचे आहे. शेवटी भोळ्यांचा नाश कशाने होतो हे ती सांगते, तेव्हा शब्द येतो ‘मेशुवा’, म्हणजे पाठ फिरवून जाणे. तोही ‘शूव’चाच. परतणे आणि दुरावणे यांचा धातू एकच. फरक फक्त तोंड कुठे आहे याचा.

मराठीला हे परके वाटू नये. ‘पाठ फिरवली’ आणि ‘माघारी फिरला’ या दोन्हींत आपणही ‘फिरणे’च वापरतो. उलट, ख्रिस्ती मराठीत रुळलेला ‘पश्चात्ताप’ हा शब्द हिब्रू कल्पनेपासून थोडा दूर जातो. त्यात मागाहून होणारा ताप आहे, मनाची जळजळ आहे. ‘शूव’ हा मुळात पायांचा शब्द आहे. माणूस कुठे निघाला होता आणि आता कुठे निघाला आहे, एवढेच तो विचारतो.

या एका धातूवर संदेष्ट्यांनी फार मोठी इमारत उभी केली आहे. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात दुरावलेल्या लेकरांना परत या म्हणणारे आणि तुमचा दुरावा मी बरा करीन असे आश्वासन देणारे एकच लहानसे वाक्य आहे. त्यात हा धातू तीनदा येतो. होशेयच्या शेवटच्या अध्यायात देव पुन्हा हेच कबूल करतो. नीतिसूत्रांत जी ‘मेशुवा’ माणसाला मारते, तीच होशेयात आजारासारखी बरी होते. म्हणजे प्रज्ञेचे ‘नंतर शोधाल तर सापडणार नाही’ हे वाक्य बायबलमधले शेवटचे वाक्य नाही. ते एका रागावलेल्या, थकलेल्या हाकेतले वाक्य आहे.

सर्वनाम बदलते तेव्हा

आता या भाषणाच्या व्याकरणाकडे पाहू. तेविसाव्या वचनापासून सत्ताविसाव्यापर्यंत प्रज्ञा ‘तुम्ही’ म्हणून बोलते. अठ्ठाविसाव्यापासून, काही सूचना न देता, ती ‘ते’ म्हणू लागते : ते मला हाक मारतील, ते मला शोधतील, ते आपल्या वाटेचे फळ खातील. समोर उभी असलेली माणसे मधेच तृतीयपुरुषी होतात. दार बंद झाल्याचा आवाज या सर्वनामाच्या बदलात ऐकू येतो. आणि शेवटच्या वचनात पुन्हा एक फट उघडते : जो कोणी ऐकेल तो निर्धास्त राहील. हा ‘जो कोणी’ एकवचनी आहे आणि अजून ऐकतो आहे.

‘तुम्ही’ असते तोवर ते बोलणे इशारा असते. इशाऱ्याची इच्छा असते की आपण खोटे ठरावे. ऐकणारा वळला तर सांगितलेले संकट टळते. ‘ते’ झाले की तोच इशारा निकाल होतो. त्या शेवटच्या ‘जो कोणी’साठी ‘त्यांची’ कथा सांगितली आहे, पण वाचकाला मोह होतो तो ‘त्यांच्या’विषयी बोलणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहण्याचा.

हीच हालचाल मोठ्या पटावरही दिसते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा पाळल्या तर आशीर्वाद आणि मोडल्या तर शाप यांची यादी आहे. अडुसष्ट वचनांपैकी चौदा आशीर्वादाची, उरलेली चोपन्न शापाची. पण ती सगळी सीमेवर उभ्या असलेल्या लोकांना उद्देशून आहेत. दुसऱ्या राजांच्या सतराव्या अध्यायात शोमरोन अश्शूरच्या हाती पडल्याची कारणमीमांसा येते, तेव्हा निवेदक ‘ते’ वापरतो : त्यांनी ऐकले नाही, त्यांनी मान ताठ केली. निदान तो आपल्याच लोकांविषयी बोलतो आहे. परक्याच्या दुःखाकडे बोट दाखवून त्याने हे लिहिलेले नाही.

मित्रांचे तर्कशास्त्र

बोट दाखवणाऱ्यांसाठी बायबलने एक पूर्ण पुस्तक राखून ठेवले आहे. ईयोबाचे तीन मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांच्या हातून झालेले हे सर्वांत चांगले काम. मग ते बोलू लागतात. अलीफज म्हणतो की अधर्म नांगरणारा तेच कापतो. हे नीतिसूत्रांचेच शेतीचे रूपक आहे. शब्दाशब्दाने पाहिले तर त्यात खोट काढता येणार नाही. पण नीतिसूत्रांत ते बीज हातात असलेल्या माणसाला सांगितलेले आहे. अलीफज ते उद्ध्वस्त शेतात बसलेल्या माणसाला सांगतो. बिल्दद त्याच्याही पुढे जातो. तुझ्या मुलांनी पाप केले असेल आणि त्याचे फळ त्यांना मिळाले असेल, असे तो सुचवतो. हे तो अशा बापाला ऐकवतो, ज्याचे सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी गेल्या आहेत.

शेवटी बाविसाव्या अध्यायात अलीफज ईयोबाच्या पापांची यादीच देतो : विधवांना रिकाम्या हाती घालवलेस, तहानलेल्याला पाणी दिले नाहीस. ही पापे त्याने पाहिलेली नाहीत. त्याने ती अनुमानाने काढली आहेत. शिक्षा दिसते, म्हणजे गुन्हा असलाच पाहिजे. ‘पाप केले तर दुःख येते’ हे वाक्य उलटे करून ‘दुःख आले, म्हणजे पाप केले’ असे वाचले की ज्ञानाची चहाडी होते. वाचकाला पहिल्या दोन अध्यायांपासून माहीत असते की ईयोब निर्दोष आहे, आणि तसे खुद्द देवाने म्हटले आहे. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग या धर्मनिष्ठ मित्रांवर निघतो. देवाशी वाद घालणारा ईयोबच नीट बोलला असे ठरते. मग ईयोबाला सगळे दुप्पट परत मिळते, तेव्हा जुना नियम मागच्या दाराने परत येतो की काय, अशी शंका राहते. ती पुस्तकाची कच्ची बाजू मानता येईल. पण मित्रांचा निकाल त्याने बदलत नाही.

उलटे वाचन करणारे प्रत्येक समाजात असतात. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या पुस्तकात वैधव्याविषयी हेच नोंदवले आहे : नवरा मरणे ही बाईच्या पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा समजली जाते. ईश्वर वेगळा, जन्मांचा हिशेब वेगळा, पण तर्क अलीफजचाच. रमाबाई स्वतः विधवा होत्या. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. म्हणजे मित्रांची ती सगळी भाषणे त्यांनी एकेक शब्द पारखत मराठीत लिहिली. हा तर्क समोर बसून ऐकणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसेल.

दोन स्पष्टीकरणे

उलट्या वाचनातला आणखी एक दोष यिर्मयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात उघडा पडतो. यरुशलेम पडले आहे. उरलेले लोक मिसर देशात पळून आले आहेत. यिर्मया त्यांना सांगतो की परक्या देवतांना धूप जाळल्यामुळे हे झाले. त्यावर स्त्रिया आणि त्यांचे नवरे उत्तर देतात, आणि संपादकांनी ते उत्तर कापलेले नाही, हे विशेष. ते म्हणतात, आम्ही आकाशराणीला धूप जाळत होतो तोवर घरात भाकर होती. ते बंद केले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ पाठीशी लागले.

घटना एकच, तर्काची पद्धतही एकच, निष्कर्ष मात्र नेमका विरुद्ध. पाठ कोणाकडे फिरवली म्हणून हे झाले, हे नुसत्या नासाडीकडे पाहून ठरत नाही. यिर्मयाची बाजू खरी मानायची तर तिचा आधार दुसरीकडे शोधावा लागेल : त्याने नगर पडण्यापूर्वी, संकट यायच्या आधी, ‘तुम्ही’ म्हणून सांगितले होते, आणि त्यासाठी मार खाल्ला होता.

‘आम्ही’

नगर पडल्यानंतरची आणखी एक भाषा आहे, ‘विलापगीत’ या छोट्या पुस्तकाची. त्याच्या पाचव्या अध्यायात बोलणारे ‘आम्ही’ आहेत. वाडवडिलांनी पाप केले, ते गेले, आणि ओझे आमच्यावर आले, असे ते एकदा म्हणतात. थोड्या ओळींनंतर, आम्हीच पाप केले, असेही म्हणतात. दोन विधानांचा मेळ घालण्याचा खटाटोप ते करत नाहीत. दुराव्याचे परिणाम भोगणाऱ्याने स्वतः बोललेले असे साहित्य वाचले की मित्रांची भाषणे किती कोरडी होती ते कळते. ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला हे वाक्य उलटे वाचण्याचाही अधिकार असतो, कारण त्याची किंमत तो स्वतः देतो.

शेवटाकडे पुन्हा ‘शूव’ येतो, आणि यावेळी दोनदा : तू आम्हाला वळव, म्हणजे आम्ही वळू. फिरण्याची जबाबदारीच देवावर टाकली आहे. त्यानंतरचे, पुस्तकातले शेवटचे वचन मात्र अंधारात संपते. तू आम्हाला कायमचे टाकलेस का, अशा शंकेत. ज्यू परंपरेत हे पुस्तक मोठ्याने वाचताना या शेवटावर थांबत नाहीत. आधीचे वचन पुन्हा म्हणतात आणि मग पुस्तक मिटतात.

नव्या करारात लूकच्या तेराव्या अध्यायात हा सगळा वाद काही ओळींत पुन्हा घडतो. लोक येशूला एक बातमी सांगतात : पिलाताने काही गालीलकरांना त्यांच्या यज्ञाच्या वेळीच मारले. त्यांना ‘त्यांच्या’विषयी मत हवे आहे. येशू आपणहून दुसरी घटना जोडतो : शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, ती काय यरुशलेमातली सर्वांत पापी होती? नाही, असे तो साफ सांगतो. आणि लगेच सर्वनाम फिरवतो : पण तुम्ही वळला नाहीत तर? मेलेल्यांवरचा निकाल त्याने काढून घेतला आणि इशारा जिवंतांना परत दिला.

त्यालाच लागून एक दृष्टान्त येतो. द्राक्षमळ्यातल्या अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, एवढे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पुढच्या वर्षी त्या झाडाला अंजिरे लागली की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.