शेरिडन, टॉमस

(१७१९ – १४ ऑगस्ट १७८८). आयरिश नट, नाट्यगृह-व्यवस्थापक, वक्तृत्वशिक्षक व कोशकार. नाटककार ⟶ रिचर्ड ब्रिन्झ्ली शेरिडन याचा पिता. टॉमसचे वडीलही टॉमस याच नावाचे. ते डब्लिनमधील नामांकित शाळाशिक्षक आणि जॉनथन स्विफ्टचे जवळचे स्नेही. स्विफ्ट हा टॉमसचा धर्मपिता होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये काही काळ आणि पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. वडिलांप्रमाणे अध्यापन हेच त्याचे अपेक्षित क्षेत्र होते. तथापि १७४३ मध्ये डब्लिनच्या स्मॉक ॲली नाट्यगृहात तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत तो रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांनी त्याला तत्काळ उचलून धरले. अध्यापनाची मूळ ओढ मात्र त्याला कधीच सोडून गेली नाही. नटाचा पेशा त्याने अखेरपर्यंत एका व्यापक शिक्षणयोजनेचे साधन मानला, आणि त्याच्या यशापयशाचे मूळ या भूमिकेतच शोधावे लागते.

१७४५ मध्ये त्याने स्मॉक ॲलीची व्यवस्था हाती घेतली. त्या काळी वरिष्ठ वर्गातील तरुण प्रेक्षक नाटक चालू असताना रंगमंचावर व रंगपटात मोकळेपणाने वावरत. नट्यांची छेडछाड ही नित्याची बाब होती. १७४७ च्या जानेवारीत व्हॅनब्रूच्या ईसप या नाटकाच्या प्रयोगात केली नावाचा एक मद्यधुंद तरुण रंगमंचावर चढला व नट्यांच्या मागे लागला. शेरिडनने त्याला हुसकावून लावताच त्याने प्रेक्षागारातून संत्री फेकून मारली. शेवटी शेरिडनने त्याला चोप दिला. एका नटाने ‘सद्‌गृहस्था’वर हात टाकला, यावरून शहरात दंगली उसळल्या. ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी शेरिडनच्या बाजूने उभे राहिले. न्यायालयात केलीच्या वकिलाने, सैनिक सद्‌गृहस्थ असतो हे आपण पाहिले आहे, पण नट सद्‌गृहस्थ असल्याचे कधी पाहिले नाही, अशा आशयाचा टोमणा मारला. तेव्हा शेरिडनने नम्रपणे मान लववून, आता तोही आपल्यासमोर उभा आहे, असे उत्तर दिल्याचे सांगतात. केलीला दंड व कारावासाची शिक्षा झाली. पुढे शेरिडननेच त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली. या प्रकरणानंतर डब्लिनच्या रंगमंचावरून प्रेक्षकांची हकालपट्टी झाली. लंडनमध्ये डेव्हिड गॅरिकला हीच सुधारणा पुरतेपणी अमलात आणण्यास आणखी पंधराएक वर्षे लागली, हे लक्षात घेतले म्हणजे शेरिडनच्या धैर्याची कल्पना येते.

शिस्तीचा हाच आग्रह सात वर्षांनी त्याच्यावर उलटला. १७५४ च्या मार्चमध्ये व्हॉल्तेअरच्या महोमेत या नाटकाच्या इंग्रजी रूपांतराचा प्रयोग चालू होता. आयर्लंडमध्ये राजकीय वातावरण तापलेले होते. सत्ताधाऱ्यांना झोंबेल असे एक भाषण पुन्हा म्हणावे अशी मागणी प्रेक्षकांनी वेस्ट डिगिस या नटाकडे केली. प्रयोग अडवून भाषणांची पुनरावृत्ती करणे शेरिडनला मान्य नव्हते. कलेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे योग्यच होते. पण प्रेक्षकांना त्यात सरकारधार्जिणेपणा दिसला आणि त्यांनी नाट्यगृहाच्या अंतर्भागाची मोडतोड केली. शेरिडन लंडनला गेला. १७५६ मध्ये तो परतला खरा. परंतु १७५८ मध्ये क्रो स्ट्रीटवर प्रतिस्पर्धी नाट्यगृह उघडल्याने त्याचा उरलासुरला आर्थिक आधारही संपला.

नट म्हणून शेरिडनची योग्यता ठरविताना समकालीनांत एकमत आढळत नाही. १७४५-४६ च्या हंगामात गॅरिक डब्लिनला आला असता दोघांनी एकाच रंगमंचावर आलटूनपालटून प्रमुख भूमिका केल्या. गॅरिकची चपळता, मुद्राभिनय व क्षणात पालटणारी भाववृत्ती शेरिडनपाशी नव्हती. त्याचा आवाजही काहीसा कर्कश होता. मात्र संहितेचा अर्थ लावण्याची त्याची हातोटी असाधारण होती. चार्ल्‌स चर्चिलने द रॉसियाड (१७६१) या आपल्या उपरोधिक काव्यात बहुतेक नटांची रेवडी उडवली. शेरिडनचे दोषही त्याने सांगितले, पण त्याची बुद्धी त्या दोषांवर मात करते हे मान्य केले. किंग जॉनची त्याची भूमिका राजा तिसरा जॉर्ज याला गॅरिकच्या कामापेक्षा अधिक आवडली आणि त्यामुळे गॅरिक दुखावला, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. हॅम्लेट, ब्रूटस, केटो यांसारख्या चिंतनशील वा करारी व्यक्तिरेखांत तो शोभून दिसे. विनोदाचे अंग त्याला बेताचेच होते.

शेरिडनचे खरे कार्य वाचिक अभिनय रंगमंचाबाहेर नेण्याचे. ब्रिटिश एज्युकेशन (१७५६) या ग्रंथात त्याने सार्वजनिक जीवनातील अधोगतीचे खापर वक्तृत्वाच्या उपेक्षेवर फोडले. हे निदान अतिशयोक्त आहे. एका विद्येने धर्म, राजकारण व नीती यांचा एकदमच उद्धार होईल, असे मानणारा लेखक स्वतःच्या धंद्याच्या प्रेमात पडलेला असतो. १७६२ मध्ये प्रसिद्ध झालेली लेक्चर्स ऑन एलोक्यूशन ही व्याख्याने मात्र आजही वाचनीय आहेत. छापील शब्द हा भाषेचा केवळ एक अंश होय. विचार शब्दांनी कळतो, भावना स्वर व हावभाव यांनीच पोहोचते, हा त्यांतील मुख्य सिद्धांत. लोक बोलताना स्वाभाविक चढउतार करतात आणि तेच लोक वाचू लागले की एकसुरी होतात. म्हणून बोलतो तसे वाचावे, हा त्याचा उपदेश. विरामचिन्हे व्याकरणासाठी असतात, श्वासासाठी व अर्थासाठी नव्हेत, हे ओळखून त्याने आघात व विराम दाखविणाऱ्या स्वतंत्र खुणा सुचविल्या. भरताच्या ⟶ नाट्यशास्त्रातील काकुविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही आढळेल. भरताने स्वरस्थाने व रस यांची सांगड तपशिलाने घातली. शेरिडन मात्र भावनेच्या स्वराला नियम देण्याचे टाळतो व निसर्गाकडे बोट दाखवतो. शिक्षक म्हणून हे त्याचे न्यून, परंतु नट म्हणून त्याचे शहाणपण होय.

ही व्याख्याने त्याने लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज येथे व १७६१ मध्ये एडिंबरो येथे दिली. एडिंबरोत सुमारे तीनशे प्रतिष्ठित श्रोते जमत. १७०७ च्या एकीकरणानंतर लंडनमध्ये उत्कर्ष साधू इच्छिणाऱ्या स्कॉटिश मंडळींना आपल्या उच्चारांचा संकोच वाटे. त्यांना शुद्ध इंग्रजी शिकविण्यास एक आयरिश मनुष्य आला, यातील विसंगती अनेकांच्या नजरेतून सुटली नाही. जेम्स बॉझवेल त्याचा चाहता होता. पुढे लॉर्ड चॅन्सेलर झालेल्या अलेक्झांडर वेडरबर्नने उच्चारसुधारणेसाठी त्याच्याकडे धडे घेतले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन मात्र शेरिडनच्या वक्तृत्वविद्येची कुचेष्टा करी. शेरिडनला दोनशे पौंडांचे वार्षिक निवृत्तिवेतन मिळाल्यावर जॉन्सनने काढलेले कुत्सित उद्‌गार त्याच्या कानी गेले व दोघांची मैत्री कायमची तुटली.

त्याची पत्नी फ्रान्सेस ही स्वतः कादंबरीकार व नाटककार होती. १७६६ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथे तिचे निधन झाले. शब्दांचे हास्यास्पद घोटाळे करणारी मिसेस मॅलाप्रॉप ही मुलाच्या द रायव्हल्स (१७७५) या नाटकातील व्यक्तिरेखा फ्रान्सेसच्या एका अप्रकाशित नाटकातील पात्रावरून सुचलेली दिसते. ज्या घरात बापाने आयुष्यभर शुद्ध उच्चाराचा ध्यास घेतला, त्याच घरातून अशुद्ध शब्दयोजनेचा हा अजरामर नमुना निघाला. पितापुत्रांचे संबंध फारसे सलोख्याचे नव्हते. तरीही मुलाच्या मालकीच्या ड्र्युरी लेन नाट्यगृहाची व्यवस्था टॉमसने १७७८ पासून काही काळ पाहिली. १७८२ मध्ये सेरा सिडन्झ लंडनला परतली, तेव्हा तिने इझाबेलाच्या भूमिकेने प्रारंभ करावा हा सल्ला त्याचाच. ती भूमिका विलक्षण गाजली.

ए जनरल डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज (१७८०) हा त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ. स्वरांवर अंक देऊन व प्रत्येक शब्द उच्चारानुसार पुन्हा लिहून त्याने उच्चार निश्चित केले. अंकांची युक्ती विल्यम केनरिकने १७७३ मध्येच वापरली होती. शब्दांचे सर्रास पुनर्लेखन हे मात्र शेरिडनचे वैशिष्ट्य. अक्षर व ध्वनी यांचे नाते सरळ असलेल्या देवनागरीच्या वाचकाला या खटाटोपाचे नवल वाटेल. इंग्रजीत तो अपरिहार्य होता. ‘सूइसाइड’चा उच्चार ‘शूइसाइड’, ‘ट्यून’चा ‘चून’ असे त्याचे काही निर्णय टीकेस पात्र ठरले. टीकाकारांनी त्यांत आयरिश वळण पाहिले. ‘चून’सारखे उच्चार पुढे इंग्लंडमध्येही रुळले, हा भाग वेगळा. जॉन वॉकर हाही रंगभूमी सोडून वक्तृत्वशिक्षक झालेला. त्याने आपल्या क्रिटिकल प्रनाउन्सिंग डिक्शनरीत (१७९१) शेरिडनच्या चुका एकेक करून दाखविल्या, आणि पुढील शतकात वॉकरचाच कोश प्रमाण मानला गेला.

धर्मपित्याचे ऋण शेरिडनने लाइफ ऑफ स्विफ्ट (१७८४) या चरित्राने व स्विफ्टच्या समग्र साहित्याच्या संपादनाने फेडले. इंग्लंडमधील मार्गेट येथे त्याचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत रिचर्ड त्याच्यापाशी होता.