माउंटन मेडोजचे हत्याकांड : एका मॉर्मन विदुषीची साक्ष

मॉर्मन पंथाचे नाव निघाले की आपल्याकडील चर्चा लगेच सिद्धांतांकडे वळते. जोसेफ स्मिथ ह्यांना सोन्याचे पत्रे खरोखर मिळाले काय, देवपित्याविषयीची त्यांची शिकवण नायसीयाच्या मतांगीकाराशी कोठे जुळते, मृतांसाठी बाप्तिस्मा कशाच्या आधारे द्यावयाचा, हे ते प्रश्न. ते महत्त्वाचे आहेत आणि त्यांविषयी आमचे मत बदललेले नाही. परंतु खंडनाची एक अडचण असते. ज्याचे खंडन करावयाचे त्याच्या घरात पाऊल टाकण्याची गरजच खंडन करणाऱ्याला वाटेनाशी होते. वास्तविक हा पंथ आपल्याला अगदी परका नाही. ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक १८५२ सालीच मुंबईस आला होता व पुढे पुण्यासही त्याने काम केले. आणि २०१२ साली ह्या पंथाचा भारतातील पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून होणारा विभाग, हैदराबादेत स्थापन झाला. शेजाऱ्याचे घर आतून पाहावयाचे असेल तर जुआनिटा ब्रुक्स ह्यांचा 'द माउंटन मेडोज मॅसेकर' हा ग्रंथ वाचावा, असे आम्हांस वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने तो १९५० साली प्रसिद्ध केला.

घटना अशी. सप्टेंबर १८५७ मध्ये आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे निघालेला स्थलांतरितांचा एक तांडा दक्षिण युटातील माउंटन मेडोज ह्या कुरणात उतरला होता. ७ तारखेस त्यावर हल्ला झाला. गाड्यांचा कोट करून त्या लोकांनी काही दिवस तोंड दिले. पाणी जवळ असून आणता येईना. ११ तारखेस जॉन डी. ली हा मॉर्मन पुढारी पांढरे निशाण घेऊन आला. शस्त्रे आमच्या स्वाधीन करा, आम्ही तुम्हांस सुखरूप पोहोचवतो, असे वचन दिले गेले आणि ते मानले गेले. पुरुषांना रांगेने चालविण्यात आले, प्रत्येकाच्या बाजूस एक बंदूकधारी रक्षक. इशारा होताच त्या रक्षकांनीच गोळ्या झाडल्या. स्त्रियाही सुटल्या नाहीत. सुमारे १२० माणसे मारली गेली. जी १७ मुले उरली ती साक्ष देण्याच्या वयाची नव्हती म्हणून उरली. मारणारे दरोडेखोर नव्हते. शेतकरी होते, मंडळीतील वडील होते, घरी जाऊन जेवणापूर्वी प्रार्थना करणारे लोक होते.

ह्या लोकांत ब्रुक्सबाई वाढल्या. त्यांचा जन्म १८९८ सालचा, नेव्हाडातील बंकरव्हिल ह्या मॉर्मन खेड्यातला. तरुणपणी त्या शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे आले. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले काही लिहून ठेवावयाचे आहे, तू लिहून घेशील काय, असे त्यांनी विचारले. बाईंनी होकार दिला आणि कामाच्या गर्दीत ते राहून गेले. १९१९ साली त्या बोलावण्यावरून गेल्या तेव्हा म्हातारा मृत्युशय्येवर होता. शुद्ध हरपत असताना तो 'रक्त, रक्त' म्हणून ओरडत होता. हत्याकांडाच्या वेळी तो तेथे हजर होता, हे बाईंना मागाहून कळले. ज्या पाळकाने कधी एखाद्या वृद्धाचे बोलणे 'पुढच्या आठवड्यात ऐकू' म्हणून पुढे ढकलले असेल, त्याला हे पान सहज उलटता येणार नाही.

पुढे त्या सेंट जॉर्ज गावी राहिल्या, संसार केला, मंडळीच्या स्त्रियांच्या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले आणि लिहिले. कोणी शेजारीण आली तर टंकयंत्रावर इस्त्रीचे कपडे टाकून ते झाकीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. मंडळीच्या दप्तरात असलेली काही साक्षपत्रे त्यांनी पाहावयास मागितली. ती त्यांना मिळाली नाहीत.

ग्रंथाचा सर्वांत समर्थ भाग हत्येपूर्वीचा आहे. १८३८ साली मिसुरीच्या गव्हर्नराने मॉर्मनांना नष्ट करावे अथवा राज्याबाहेर घालवावे असा हुकूम काढला, आणि तीन दिवसांनी हॉन्स मिल येथे त्यांची १७ माणसे मारली गेली. १८४४ साली कार्थेजच्या तुरुंगात जोसेफ स्मिथ जमावाच्या गोळ्यांना बळी पडले. मे १८५७ मध्ये पार्ली प्रॅट हा त्यांचा प्रेषित आर्कान्सात मारला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे सैन्य युटाकडे निघाले. व्यासपीठांवरून सूडाची भाषा चालू होती. भ्यालेला समाज, छळाच्या ताज्या आठवणी, वरिष्ठांची आज्ञा म्हणजे देवाची आज्ञा असा संस्कार, आणि नेमका आर्कान्साचा तांडा! ब्रुक्सबाई हे सर्व क्षमेसाठी सांगत नाहीत. छळ सोसलेले लोक छळ कसा करू लागतात, हे त्या घाई न करता दाखवितात. स्थानिक पुढाऱ्यांनी सल्ल्यासाठी ब्रिगॅम यंग ह्यांच्याकडे स्वार पाठविला होता. तांड्यास जाऊ द्यावे असे उत्तर घेऊन तो परतला तेव्हा १३ तारीख उजाडली होती. यंग ह्यांनी हत्येचा हुकूम दिला नाही, असा बाईंचा निष्कर्ष आहे. परंतु ज्या वातावरणात ती घडली ते त्यांनी व जॉर्ज ए. स्मिथ ह्यांनी आपल्या प्रवचनांनी निर्माण केले आणि पुढे सत्य झाकण्यात यंग ह्यांचा हात होता, हेही त्या तितक्याच स्पष्टपणे लिहितात.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बाई मारणाऱ्यांच्या घरांतून लिहितात. मेलेल्यांची घरे त्यांना तशी दिसत नाहीत. तांडेवाल्यांच्या उद्दामपणाच्या ज्या कथा युटात प्रचलित होत्या, त्यांना ग्रंथात मिळावी त्याहून अधिक जागा मिळाली आहे. पायूट आदिवासींवरील दोषाचा वाटाही आज जड वाटतो. पायूटांची स्वतःची स्मृती निराळे सांगते. २००२ साली विल बॅग्ली ह्यांनी यंग ह्यांच्यावर थेट ठपका ठेवणारा ग्रंथ लिहिला. तो पुरावा आम्हांस पुरेसा वाटत नाही, परंतु मृतांची बाजू त्यात अधिक ऐकू येते, हे खरे.

फॉन ब्रोडी ह्यांनी १९४५ साली जोसेफ स्मिथ ह्यांचे चरित्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांना बहिष्कृत करण्यात आले. ब्रोडी मनाने आधीच बाहेर पडल्या होत्या. ब्रुक्सबाई मात्र रविवारी त्याच बाकावर येऊन बसत होत्या. त्यांना मंडळीने काढले नाही, आणि जवळही केले नाही. बाहेरच्याचे सत्य शत्रुत्व म्हणून बाजूस सारता येते. बाकावर बसलेल्याचे काय करावे, हे कोणत्याच मंडळीला नीट कळलेले नाही. आपल्या मंडळ्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढून पाहाव्यात. पाळकांची यादी असते, इमारतीचे छायाचित्र असते. कोर्टात गेलेली भांडणे आणि कोणत्या जातीच्या कुटुंबांना मागे बसविले जात होते, हे नसते.

हत्येबद्दल शिक्षा एकट्या लीला झाली. २३ मार्च १८७७ रोजी त्याच कुरणात आणून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तत्पूर्वी १८७० साली मंडळीने त्याला बहिष्कृत केले होते. ब्रुक्सबाईंनी १९६१ साली लीचे चरित्र प्रसिद्ध केले आणि शीर्षकातच त्याला दुसऱ्यांच्या पापाचा भार वाहणारा बकरा म्हटले. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात अहरोन बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो आणि इस्राएलाचे सर्व अपराध मोठ्याने कबूल करतो. मगच बकरा रानात सोडला जातो. येथे हात ठेवले गेले, बकराही गेला. कबुली तेवढी झाली नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंडळीच्या वरिष्ठांनी लीला मरणोत्तर सभासदत्व परत दिले आणि पुढे मंदिरात त्याच्यासाठी विधी झाले. हे छापू नये, छापल्यास निर्णय मागे घेऊ, असा बाईंवर दबाव आला. त्यांनी ते छापले. निर्णय मागे घेतला गेला नाही. मृतांसाठी केलेल्या विधींना आम्ही मान्यता देऊ शकत नाही. पहिले करिंथ १५:२९ हे वचन एवढा भार पेलत नाही. तरीही ह्या प्रसंगी आम्ही थबकतो. जे शब्दांनी सांगण्याचे धैर्य मंडळीला नव्हते, ते तिने विधीने सांगितले : हा एकटाच दोषी नव्हता. आमच्या उपासनापद्धतीत असे काही सांगावयाचे झाल्यास आम्ही ते कसे सांगू?

१९९९ साली मंडळीच्या अध्यक्षांनी तेथे स्मारकाचे समर्पण केले, परंतु ह्याचा अर्थ मंडळीचा दोष मान्य केला असा घेऊ नये, असेही बजावले. ११ सप्टेंबर २००७ रोजी, दीडशे वर्षांनी, हेन्री आयरिंग ह्यांनी त्याच कुरणात मृतांच्या वंशजांसमोर निवेदन वाचले आणि खोल खेद व्यक्त केला. पायूटांवर इतकी वर्षे टाकल्या गेलेल्या दोषाबद्दलही खेद व्यक्त झाला. दुसऱ्या वर्षी मंडळीच्याच इतिहासकारांनी दप्तर उघडून मोठा ग्रंथ काढला. ब्रुक्सबाई १९८९ मध्येच वारल्या होत्या. मारणाऱ्याला मंडळीत परत घेतल्याला तोवर ४६ वर्षे झाली होती.