रेवा ऐकताना वैनगंगा

'कंदिसा' पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अकरावीत होतो. भंडाऱ्यात रोवणीचे दिवस, लाइट गेलेली, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि नागपूरला शिकणाऱ्या दादाने आणलेली कॅसेट. 'इंडियन ओशन' हा दिल्लीचा बँड आणि अल्बम २००० सालचा, एवढंच माहीत होतं. रॉक म्हणजे आरडाओरडा अशी माझी समजूत. इथे मात्र कुणालाच घाई नव्हती. सुस्मित सेनचं गिटार बोलल्यासारखं वाजायचं, असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचा आणि अमित किलमचे ड्रम्स त्या तबल्याला जागा करून द्यायचे. गाणं जिथं पोचायचं तिथं निवांत पोचायचं.

सगळ्यात लाडकं गाणं 'मा रेवा'. ते लावून मी कितीदा झोपी गेलोय, मोजदाद नाही.

परवा तोच अल्बम फोनवर, हेडफोन लावून, सलग ऐकला. आवडला, पण झोप आली नाही. कारण आता काही गोष्टी ठाऊक आहेत. रेवा म्हणजे नर्मदा. हे नर्मदा खोऱ्यातलं पारंपरिक गाणं. ते गाणारा राहुल राम अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषांवर पीएचडी करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. गाण्यात मात्र धरणाचं नाव नाही की घोषणा नाही. नुसतं नदीचं कौतुक आहे. जी नदी अडवली जातेय तिचं.

आणि मी हे कुठं बसून ऐकत होतो? वैनगंगेच्या काठी. आमच्याच जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाचं काम सुरू होतं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलेलं. वर्गातला एक मित्र बुडीत क्षेत्रातल्या गावचा होता. त्यालाही मी ही कॅसेट ऐकवली होती. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. नदीचं गाणं आणि त्याचं गाव, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवाव्यात असं मला एकदाही सुचलं नाही.

यात दोष कुणाचा? बराचसा माझा, पण थोडा अल्बमचाही आहे. गोरख पांडेंच्या भोजपुरी कवितेवरचं 'हिल्ले ले', केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवरचं 'कंदिसा', नर्मदेची स्तुती, अशी तीन मुलखांतली तीन वेगळ्या कारणांनी जन्मलेली गाणी इथं एकाच गोड, मुरलेल्या आवाजात येतात. शब्द कळला नाही तरी काही अडत नाही. ही या अल्बमची मोठी ताकद, म्हणूनच भंडाऱ्यातल्या पोराला अरामी भाषेतली प्रार्थना आपली वाटली. आणि हीच त्याची पळवाटही. काहीच अडत नाही, म्हणून आपण काही विचारतही नाही.

तरी 'मा रेवा'त घोषणा हवी होती असं मी म्हणणार नाही. 'हिल्ले ले' ऐकलं की कळतं, या मंडळींना थेट बोलता येत होतं. नदीबद्दल त्यांनी प्रेमाने बोलायचं ठरवलं. भाषण मी एकदा ऐकून विसरलो असतो. हे गाणं वीस वर्षं माझ्याजवळ थांबलं आणि मग त्याने मला प्रश्न विचारला.

दुसरी एक लाज सांगून टाकतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. रात्रभर दंडार, खडी गंमत. मी ते सोडून घरी येऊन 'कंदिसा' ऐकायचो. दुसऱ्यांच्या लोकगीतांवर जीव टाकणारा मी, झाडीपट्टीच्या गाण्यांना गावंढळ म्हणत होतो. ती गाणी गिटारसोबत आली असती तर कदाचित आवडली असती, हे कबूल करायला अजून जड जातं.

असीम २००९ च्या डिसेंबरमध्ये गेला, सुस्मित २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडला. त्या चौघांचं ते वाजवणं आता रेकॉर्डिंगमध्येच उरलंय. तुम्ही 'कंदिसा' ऐकला नसेल तर जरूर ऐका, एकेक गाणं न निवडता पूर्ण ऐका. आणि 'मा रेवा' संपलं की तुमच्या गावची नदी कोणती, तिचं गाणं कोण गातं, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मी आईला विचारलं. तिला दोन गाणी येत होती. मी आजवर विचारलंच नव्हतं.