मातृभाषा कोणाच्या हाती? : बहुभाषिक शिक्षण आणि जागतिक नागरिकत्व

१९५३ हे वर्ष भाषा आणि शिक्षण यांच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी युनेस्कोने शिक्षणातील देशी भाषांच्या वापराविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल प्रकाशित केला आणि मुलाला शिकवण्याचे सर्वांत योग्य माध्यम त्याची मातृभाषाच होय, हे तत्त्व जगापुढे ठेवले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीने ‘बांटू एज्युकेशन अ‍ॅक्ट’ मंजूर केला. त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेतही कृष्णवर्णीय मुलांना प्राथमिक शाळेची आठ वर्षे मातृभाषेतूनच शिकवले जाऊ लागले. तत्त्व एकच, हेतू मात्र परस्परविरुद्ध. एकीकडे मुलाला ज्ञानाजवळ न्यायचे होते. दुसरीकडे त्याला मजुरीपलीकडे जाऊ द्यायचे नव्हते. निर्वसाहतीकरणाच्या अंगाने शिक्षणाचा विचार करणाऱ्याला हा विरोध टाळून पुढे जाता येत नाही.

आपल्याकडे ही चर्चा बहुधा न्गुगी वा थिओंगो यांच्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) या पुस्तकापासून सुरू होते. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला मार, दंड, गळ्यात अपमानाची पाटी. इतर विषयांत उत्तम गुण मिळवूनही इंग्रजीत नापास झालेल्याचे पुढचे शिक्षण बंद. हे केनियातील चित्र त्यांनी जवळून पाहिले होते. घरातली, शेतातली भाषा आणि शाळेतली भाषा यांची ताटातूट झाली, की मूल आपल्याच जगाकडे परक्याच्या नजरेने पाहू लागते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९७७ साली ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी स्वतंत्र केनियाच्या सरकारने चालू दिली. पण त्याच वर्षी कामिरिथूच्या गावकऱ्यांबरोबर उभ्या केलेल्या गिकुयू नाटकाचे प्रयोग बंद पाडले आणि न्गुगींना खटल्याविना सुमारे वर्षभर तुरुंगात ठेवले. सत्तेला भीती टीकेची नव्हती. ती टीका ज्यांना समजेल त्या लोकांची होती.

केनियाच्या या अनुभवावरून सर्वसाधारण सिद्धान्त बांधू लागलो, की दक्षिण आफ्रिका आड येते. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध. त्यांचा राग इंग्रजीवर नव्हता. आणि मातृभाषेतले शिक्षण म्हणजे हलक्या दर्जाचे शिक्षण, हा धडा त्यांच्या आईवडिलांना राज्यकर्त्यांनीच दिला होता. १९९६ च्या संविधानाने ११ भाषांना राजभाषेचा दर्जा दिला, १९९७ च्या धोरणाने बहुभाषिक शिक्षणाचा पुरस्कार केला. तरी त्यानंतरही बहुतेक आफ्रिकी भाषक मुलांना चौथ्या इयत्तेपासून इंग्रजीतच शिकावे लागले. पालकांच्या या ओढीला ‘गुलामीची मानसिकता’ म्हणणे सोपे आहे. पण कोणत्या भाषेच्या नावाखाली आपल्याला दाराबाहेर ठेवले गेले, हे ते विसरलेले नाहीत.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. सावित्रीबाई फुले यांनी ‘काव्यफुले’त (१८५४) इंग्रजीला माउलीच्या जागी बसवले. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढचे निवेदन इंग्रजीतच दिले, आणि त्यात मागणी केली ती बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची. ज्या देशी ज्ञानव्यवस्थेत शूद्रातिशूद्रांना उंबरठाही ओलांडता येत नव्हता, तिच्यापुढे इंग्रजी मोकळी वाटली असेल तर नवल नाही. जी निर्वसाहतवादी समीक्षा हा अनुभव ऐकून घेत नाही, ती पुन्हा जुन्याच मालकांच्या हाती किल्ल्या देते.

म्हणून कोणत्याही बहुभाषिक योजनेला दोन प्रश्न विचारले पाहिजेत : शाळेची भाषा कोण ठरवतो? आणि त्या भाषेतून ज्ञान कोणत्या इयत्तेपर्यंत जाऊ दिले जाते? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा समावेश आहे, आणि त्याच कलमात सांस्कृतिक विविधतेचा आदरही सांगितला आहे. प्रत्यक्षात शाळांच्या जाहिरातीत हा शब्द येतो तो अस्खलित इंग्रजीचा समानार्थी म्हणून. आपले सेमी इंग्रजी वर्ग दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकातच देतात : गणित आणि विज्ञान इंग्रजीत, कविता आणि इतिहास मराठीत. सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण मुलाच्या मनात यातून पक्की वाटणी होते, की सिद्ध करायचे ते त्या भाषेत आणि गहिवरायचे ते या भाषेत.

पहिला प्रश्न मात्र मराठीला स्वतःलाही विचारावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावात ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पुढे शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले. संविधानाचे ३५० (क) हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्यांना सांगते. इथे निर्णय वरून लादलेला नव्हता, गावाने घेतला होता. बांटू शाळांच्या नेमके उलट. तरी तो राज्याला पेलला नाही. इंग्रजीपुढे मराठीची बाजू मांडताना आपण जो युक्तिवाद करतो, तोच गोंडी आपल्यापुढे करते आहे, आणि तेव्हा आपण नियमांचे पुस्तक उघडतो.

न्गुगींनी ‘मूव्हिंग द सेंटर’ (१९९३) मध्ये एका केंद्राऐवजी अनेक केंद्रांची कल्पना मांडली. जागतिक नागरिकत्वाला काही प्रामाणिक अर्थ द्यायचा असेल, तर तो इथून सुरू होतो. मोहगावच्या मुलीला मराठी हवी, इंग्रजीही हवीच. त्या दोन्ही तिला उत्तम शिकवल्या गेल्या पाहिजेत. पण त्यांच्या बदल्यात गोंडी सोडून द्यावी लागू नये, आणि गोंडीतला अपूर्णांक मराठीतल्या अपूर्णांकाइतकाच अधिकृत मानला जावा. ही मागणी मान्य करणे मराठीला जड जात असेल, तर इंग्रजीकडे न्याय मागण्याचा आपला अधिकार तेवढाच कमी होतो.