कुलुपाकडून उपहासाकडे : ‘गेम डेव्ह टायकून’ या संगणकीय खेळाची समीक्षा

संगणकीय खेळांच्या अनधिकृत प्रतींना आळा घालणाऱ्या तांत्रिक उपायांची चर्चा बहुधा कायदा व अर्थकारण या दोन अंगांनीच होते. असा उपाय कलाकृतीच्या आशयाचा घटक होऊ शकतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘ग्रीनहार्ट गेम्स’ या संस्थेच्या पॅट्रिक व डॅनियल क्लुग या बंधूंनी एप्रिल २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवलेला ‘गेम डेव्ह टायकून’ हा खेळ या दृष्टीने विचारार्ह आहे.

यात खेळाडू स्वतःच खेळनिर्मितीचा व्यवसाय चालवतो. कर्त्यांनी विक्रीची प्रत कोणत्याही संरक्षक कुलुपाविना दिली. त्याच वेळी एक बदललेली प्रत त्यांनी स्वतःच टोरंटद्वारे विनामूल्य पसरवली. या प्रतीत काही तास सुरळीत गेल्यावर लोक आपले खेळ विकत न घेता चोरून खेळत असल्याचे खेळाडूला कळते, उत्पन्न आटते आणि अखेरीस दिवाळे निघते. कर्त्यांनी दिलेल्या माहितीनुसार पहिल्या दिवशी किमान ३,३१८ खेळाडूंपैकी ३,१०४ जण, म्हणजे ९३.६ टक्के, ही प्रत खेळत होते. खरेदीदार अवघे २१४ होते.

पूर्वीच्या उपायांशी तुलना केल्यास या प्रयोगाचे वेगळेपण ध्यानी येते. २००८ मधील ‘स्पोअर’ या खेळाला आरंभी तीनच संगणकांची मर्यादा होती. टीकेनंतर ती पाचवर नेण्यात आली. कुलूप तोडलेली प्रत वापरणारा या जाचातून सुटला, पैसे मोजणारा मात्र अडकला. १९९५ मध्ये अमेरिकेत आलेला ‘अर्थबाउंड’ अनधिकृत प्रतीत शत्रूंची संख्या वाढवतो आणि अंतिम लढतीत थांबून साठवलेली प्रगतीही पुसून टाकतो. येथे शिक्षा आहे, संवाद नाही. क्लुग बंधूंची प्रत मात्र बोलते, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशीच बोलते. चोरीमुळे आपला धंदा बुडत असल्याची तक्रार याच प्रतीचे खेळाडू जाहीरपणे करू लागले, तेव्हा उपहास पूर्णत्वास गेला.

तथापि या युक्तिवादाला मर्यादा आहेत. अनुकरणात्मक खेळाचे बळ निर्णय आणि परिणाम यांच्या नात्यात असते. येथे दिवाळे खेळाडूच्या निर्णयातून निघत नाही. ते कर्त्यांनी आधीच लिहून ठेवलेले आहे. म्हणून ते विधान ठरते, पुरावा नव्हे. शिवाय ३,१०४ फुकट खेळाडू म्हणजे ३,१०४ गमावलेले ग्राहक नव्हेत. ते पैसे का देत नाहीत, त्यांना किंमत परवडत नाही की पैसे भरण्याची सोय नाही, या प्रश्नांना या प्रतीत जागाच नाही.

तात्पर्य, अर्थशास्त्रीय प्रतिपादन म्हणून हा प्रयोग अपुरा आहे. नैतिक कृती म्हणून मात्र तो न्याय्य आहे. निर्मात्याच्या उपजीविकेचे रक्षण प्रामाणिक ग्राहकाला संशयित न ठरवताही मागता येते, हे त्याने दाखवून दिले.